म्युझस्कोर आणि क्रॉचेट-क्वेव्हर: एका पेटीवालीचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे ते इथूनच परतू शकतात. स्टाफ नोटेशनचे, म्हणजे पाच रेघांवर लिहायच्या पाश्चात्त्य स्वरलिपीचे, इंग्रजी शब्द शिकायचे असतील तर शब्दांची यादी पाठ करू नका. म्युझस्कोर स्टुडिओ हा फुकट मिळणारा प्रोग्राम संगणकावर घ्या आणि आपल्याला येणारी गाणी त्यात लिहायला बसा. शब्द लिहिता लिहिता तोंडात बसतात. आणि भाषा निवडताना ब्रिटिश इंग्रजी निवडा. का, ते पुढे सांगते.

मी हार्मोनियम वाजवते, शिक्षण सगळं भातखंडे लिपीतलं, म्हणजे सा-रे-ग अक्षरांत लिहायच्या आपल्या स्वरलिपीतलं. वसईतल्या एका चर्चच्या गायनवृंदाला मराठी भक्तिगीतांसाठी पेटीची साथ करायची ठरली, तेव्हा पाच रेघांशी गाठ पडली. तिथले सर ‘चौथ्या बारच्या शेवटच्या क्वेव्हरपासून’ एवढंच म्हणायचे आणि सोप्रानो-आल्टोतल्या मुली नेमक्या तिथून उचलायच्या. मला गाणं अख्खं पाठ होतं, पण ‘तिथून’ म्हणजे कुठून ते कळत नव्हतं. हा गेल्या पावसाळ्यातला प्रसंग. तेव्हापासून जवळजवळ रोज हा प्रोग्राम उघडते आहे.

त्याआधी फोनवरचं एक ॲप वर्गणी भरून घेतलं होतं, नाव घेत नाही. चित्र दाखवायचं, नाव विचारायचं. एका धड्यात क्वार्टर नोट, पुढच्यात क्रॉचेट, आणि दोन्ही एकच हे कुठेही सांगितलेलं नाही. शिवाय चित्र ओळखता आलं म्हणून ते वाजवता येतंच असं नाही. वर्गणी संपली, मी पुन्हा भरली नाही.

म्युझस्कोरमधली जी सोय मला सगळ्यात उपयोगी पडली तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. कुठल्याही स्वरावर क्लिक केलं की खिडकीच्या तळाशी एक ओळ उमटते: स्वर कुठला, कितव्या सप्तकातला, लांबी किती, बार (दोन उभ्या रेघांमधला तुकडा) कितवा, त्यातला बीट कितवा. डावीकडच्या पॅलेटमध्ये चिन्हावर माऊस नुसता धरला तरी नाव दिसतं. फर्माटा, मॉर्डेंट, ॲक्सेंट हे शब्द मी असेच उचलले, मुद्दाम बसून नाही.

आता भाषेचं. प्रेफरन्सेसमध्ये गेलात तर इंग्रजी दोन दिसतील, अमेरिकन आणि ब्रिटिश. ब्रिटिश निवडून प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की क्वार्टर नोटची क्रॉचेट होते आणि मेझरचा बार होतो. अमेरिकन नावं हिशोबी आहेत: होल, हाफ, क्वार्टर, एट्‌थ, सिक्स्टीन्थ. पूर्ण, अर्धा, पाव, नाव ऐकताच लांबी कळते. ब्रिटिश नावांना असा धरबंध नाही. क्रॉचेटला एक मात्रा धरली तर सेमीब्रीव्ह चार मात्रांची, मिनिम दोनची, क्वेव्हर अर्ध्या मात्रेची आणि सेमीक्वेव्हर पाव मात्रेची. त्यातही गंमत अशी की ब्रीव्ह या शब्दाचा मूळ अर्थ आखूड, आणि आज ती इतकी लांब समजली जाते की सहसा कागदावर दिसतही नाही.

तरी ब्रिटिश शब्दच घ्या म्हणते, कारण आपल्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या ज्या परीक्षा चालतात त्यातल्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही लंडनच्या. वसई, वांद्रे, गोवा इथे मला जे शिक्षक आणि वादक भेटले ते सगळे क्रॉचेट-क्वेव्हरच बोलतात. यूट्यूबवरचे धडे मात्र बरेचसे अमेरिकन शब्दांत असतात, म्हणून दुसरी नावं कानाला ओळखीची असू द्यावीत, एवढंच. कळफलकावर ५ दाबलं की क्रॉचेट, ४ ला क्वेव्हर, ६ ला मिनिम. काही आठवड्यांनी बोटं आकडेच ओळखू लागतात आणि नावांचा वाद आपोआप मिटतो.

भातखंडे लिपी हाताला बसलेल्यांची खरी अडचण शब्दांत नाहीच, टिंबांत आणि कमानींत आहे. आपल्याकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. इथे डोक्यावर असो की खाली, टिंब म्हणजे स्टकाटो, स्वर तोडून वाजवायचा. तेच टिंब स्वराच्या उजवीकडे आलं की डॉटेड, म्हणजे स्वर दीडपट लांब. सप्तक टिंबावरून कळतच नाही, ते रेघांवरच्या जागेवरून कळतं. कमानीचंही असंच. आपली खालची कमान एका मात्रेत किती स्वर बसवायचे ते सांगते, वरची मींड दाखवते. इथली कमान एकाच स्वराच्या दोन चिन्हांना जोडत असेल तर टाय, म्हणजे दुसरं चिन्ह पुन्हा वाजवायचं नाही, स्वर धरून ठेवायचा. आपण आडवी रेघ देऊन स्वर लांबवतो, तेच काम. कमान वेगवेगळ्या स्वरांवरून गेली तर स्लर, म्हणजे न तोडता जोडून वाजवायचं. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. प्रोग्रामात टायला टी आणि स्लरला एस ही बटणं आहेत, त्यामुळे लिहिताना आधी ठरवावं लागतं की आपल्याला नक्की काय हवंय. प्ले दाबलं की टाय आणि स्टकाटो तर कानाला लगेच कळतात.

पण शार्प, फ्लॅट, नॅचरल या तीन शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. शार्प म्हणजे तीव्र, फ्लॅट म्हणजे कोमल, नॅचरल म्हणजे शुद्ध असं आपल्याकडे सर्रास सांगतात. हे पांढरी एकपुरतं, म्हणजे सा सीवर असेल तेवढंच, खरं आहे. पांढरी दोनचा सा घ्या. ती डी मेजर, तिच्या की सिग्नेचरमध्ये (ओळीच्या सुरुवातीला एकदाच लिहिलेल्या शार्प-फ्लॅटमध्ये) दोन शार्प, एफ आणि सी. म्हणजे शुद्ध गंधार हा एफ शार्प आणि कोमल गंधार लिहायला नॅचरलचं चिन्ह! काळी एकचा सा घेतला तर ई फ्लॅट हा चक्क शुद्ध रिषभ. आपले कोमल-तीव्र सा कुठे आहे त्यावर ठरतात, यांचे शार्प-फ्लॅट पट्टीवर छापल्यासारखे पक्के. एकदा हे डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ संपतो.

पेटीवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट, जी मला कुठल्याही धड्यात सापडली नाही. काळ्या पट्ट्या लिहिताना शार्पच्या नादी लागू नका, फ्लॅट घ्या. काळी एक सी शार्प मेजर म्हणून लिहिली तर सात शार्प, डी फ्लॅट म्हणून लिहिली तर पाचच फ्लॅट. काळी दोन ई फ्लॅट, तीन फ्लॅट. काळी चार ए फ्लॅट, चार फ्लॅट. तीच जी शार्प मेजर म्हणून लिहायची तर एका स्वराला डबल शार्प द्यावा लागतो. काळी पाच बी फ्लॅट, दोनच फ्लॅट. काळी तीनला मात्र सुटका नाही, एफ शार्प लिहा की जी फ्लॅट, सहाच्या सहा. गायनवृंदातल्या व्हायोलिनवाल्या मुलीला मी काळी चारचं गाणं ए फ्लॅटमध्ये छापून दिलं, तेव्हा पहिल्यांदा ती न थांबता माझ्याबरोबर वाजवत गेली.

रागांचं मात्र जपून. पांढरी एकमध्ये यमन लिहिला तर सुरुवातीला एकच शार्प येतो, एफवर. वाचणारा तो जी मेजर समजतो आणि त्याचं घर जीवर, आपल्या पंचमावर, जाऊन बसतं. सूर बरोबर लागतात, विसावा चुकतो. मी आता अशा पानावर ‘सा = सी’ असं लिहूनच देते; लिडियन मोड म्हटलं तर थिअरी शिकलेल्यांना तेही कळतं. भैरवाच्या कोमल रे-धला बसेल अशी तयार की सिग्नेचर पॅलेटमध्ये नाही, पण स्वतःची बनवून ठेवता येते. आणि हो, बारमध्ये मध्येच दिलेला शार्प-फ्लॅट त्या बारच्या शेवटापर्यंत लागू राहतो. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली दर वेळी रेघ मारायची सवय असलेल्यांना हे हमखास नडतं.

तालाचं थोडक्यात. टाइम सिग्नेचरमधला वरचा आकडा एका बारमध्ये किती, खालचा काय मोजायचं: ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर. दादरा ६/८ मध्ये छान बसतो, तीन-तीनचे दोन गट. केरव्याच्या आठ मात्रा आठ क्वेव्हर धरून ४/४ मध्ये जातात. रूपक ७/८ मध्ये लिहिता येतो, पण त्याची सम टाळीवर नसून ‘खाली’च्या मात्रेवर असते हे त्या आकड्यांतून कोणालाही कळणार नाही. समेआधी उचललेल्या मुखड्याला यांच्याकडे अपबीट किंवा ॲनाक्रूसिस म्हणतात. नवा स्कोर करतानाच तो अपुरा बार मागता येतो.

इटालियन शब्दांना घाबरू नका. पियानो हलक्या आवाजात, फोर्टे मोठ्यानं, क्रेशेंडो आवाज वाढवत, ‘दा कापो अल फिने’ म्हणजे पहिल्यापासून घेऊन जिथे फिने लिहिलंय तिथे थांबा. दर अंतऱ्यानंतर ध्रुवपदावर येणाऱ्यांना यात नवं काही नाही.

हे सगळं पेटीवाल्याला कशाला, असं आमच्या भजनी मंडळातल्या काकांनी विचारलं. त्यांना मी अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांची नावं सांगितली. हे दोघेही गोव्याचे, मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात संगीतकारांच्या चाली स्टाफवर उतरवून वादकांच्या पुढ्यात ठेवणाऱ्यांपैकी. ज्या गाण्यांवर काकांचा जीव आहे त्यांतली कितीतरी आधी अशी कागदावर उतरली होती.

किती शिकायचं याची मर्यादा हवी असेल तर एबीआरएसएमच्या थिअरी ग्रेड १ चा अभ्यासक्रम बघा: सेमीब्रीव्ह ते सेमीक्वेव्हर, टाय, डॉट, दोन्ही क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची ट्रेबल आणि बास ही चिन्हं, ज्यांवरून कुठली रेघ कुठल्या स्वराची ते ठरतं), आणि सी, जी, डी, एफ या मेजर स्केल. परीक्षा ऑनलाइन, ७५ पैकी ५० ला पास. परीक्षा दिली नाही तरी गायनवृंदात उभं राहायला एवढं पुरतं.

काही व्यावहारिक गोष्टी. लिहिण्याचं काम संगणकावरच होतं. विंडोज, मॅक, लिनक्स कुठलाही चालेल, फोन नाही. म्युझस्कोर याच नावाची स्कोर वाटण्याची वेबसाइट वेगळी आहे आणि तिथे वर्गणीचा भाग आहे. प्रोग्रामला एक पैसाही लागत नाही, उतरवताना बरोबर जागी आहात ना ते पाहा. गाण्याचे शब्द टाकायला कंट्रोल-एल, पुढच्या स्वरावर जायला स्पेस, शब्द फोडायला हायफन. मींडीसाठी ग्लिसांडोची रेघ आणि कणासाठी ग्रेस नोट यांवर मी भागवते. भागतं, पण गायकाला तोंडी सांगावं लागतंच.

राहिला बास क्लेफ. त्याची दोन टिंबं ज्या रेघेच्या वर-खाली असतात ती एफची, एवढं ठाऊक आहे, बाकी अजून मोजूनच वाचते. बासवाल्या काकांची ओळ तपासण्यापुरतं जमतं. पियानोवाल्यांना तो डाव्या हातासाठी लागतो. पेटीवालीचा डावा हात भात्यावर असतो.