एटिमऑनलाइन: इंग्रजी शब्दांची कुळकथा, चकटफू

डग्लस हार्पर यांनी उभारलेला हा व्युत्पत्तिकोश रोजच्या वापराला उत्तम आहे. मात्र नोंद वाचायची कशी, हे आधी समजून घ्यायला हवं. शब्दापुढचं साल हे जन्मसाल नव्हे. तो अर्थ लेखनात पहिल्यांदा सापडतो तो काळ. मूळ शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं मिळत नाही, अभ्यासकांनी तर्काने बांधलेलं असतं. घोळ होतो तो इथेच.

‘नाइस’ची नोंद उघडा. लॅटिन ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण. तेराव्या शतकाअखेर इंग्रजीत ‘मूर्ख’, मग ‘चोखंदळ’, ‘नाजूक’ आणि 1769 पर्यंत ‘छान’. एवढी मोठी उडी टप्प्याटप्प्याने दिसते, ही या कोशाची खरी ताकद. ‘मंगूस’खाली तर आपलं मुंगूसच भेटतं! तिथे ‘बहुधा’सारखे शब्द असतील तर ते गाळून पुढे पाठवू नका, व्युत्पत्तीच्या निम्म्या अफवा अशाच पसरतात.

उणीव एकच, पण मोठी: प्रत्येक अर्थासाठी जुन्या लेखनातली तारीखवार उदाहरणं मिळत नाहीत. त्यासाठी मोठा ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशच गाठावा लागतो.