जुनी स्प्लेंडर वाजतेय: चेन किट, हाफ इंजिन की फुल?

मेकॅनिक दोनदा रेस देतो, मान हलवतो आणि म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." एमएच-15 (नाशिक) पासिंगची पंधरा-वीस वर्षं जुनी हिरो होंडा ज्याच्या दारात आहे, त्याला हे कधी ना कधी ऐकावं लागतं. पण खोलायचं म्हणजे कुठपर्यंत? नुसतं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि टायमिंग चेन (इंजिनच्या आतली, व्हॉल्व्ह चालवणारी), की हाफ इंजिन म्हणजे वरचे हेड-ब्लॉक-पिस्टन, की क्रँकसकट (पिस्टन ज्याला फिरवतो तो खालचा शाफ्ट) फुल? खर्च शेकड्यांतून हजारांत जातो आणि नवख्या कानाला तिन्ही आवाज सारखेच वाटतात. म्हणून आवाज किती मोठा आहे यावर ठरवू नका. तो कधी येतो, ते बघा.

आधी फुकटातलं उरकून घ्या. गाडी मेन स्टँडवर लावून ऑइलची काडी पुसा आणि परत घालताना नुसती टेकवा; पेच आवळून बघितलं तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. सायलेन्सरची जाळी, चेन कव्हर, इंजिनचे फाउंडेशन बोल्ट हलवून बघा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज बदलला, तर संशय क्लचवर घ्या, पिस्टनवर नाही.

आता टॅपेट. हेडमधून येणारी एकसारखी टिकटिक, रेसबरोबर वाढणारी. स्प्लेंडरच्या 97.2 सीसी इंजिनला गॅप 0.05 मिमी लागतो (टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट), तोही इंजिन पूर्ण गार असताना मोजलेला. गाडी चालवत नेली आणि लगेच सेटिंग करून घेतलं, तर ते काम वाया गेलं म्हणून समजा. आवाज अगदी बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून घेण्याचा हट्टही नको. थोडा सैल टॅपेट नुसता वाजतो; जास्त आवळला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

टायमिंग चेनचा आवाज टिकटिक नसतो, खरखर असते, आणि ती डाव्या बाजूने येते. सकाळी पहिल्या किकला आणि चालताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर ती जास्त कळते. डिसेंबरात निफाडकडे पारा खाली गेला की अशा तक्रारी वाढणारच. इथे चेन एकटी बदलू नका; गिअर, रोलर, गाइड असा किटच टाका, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर सैल पडते. या कामाला मॅग्नेट (वीज तयार करणारं चुंबकाचं चाक) काढावा लागतो आणि त्यासाठी पुलर (ओढून काढायचं हत्यार) हवा. हातोडीने ठोकून काढणारा दिसला, तर गाडी तशीच परत आणा. घट्ट ऑइल टाकून आवाज दाबणारेही भेटतील. 10डब्ल्यू-30 च्या जागी 20डब्ल्यू-50 भरलं की चार दिवस शांतता वाटते, चेन मात्र तितकीच सैल राहते.

हाफ इंजिनचा निर्णय सगळ्यात घाईत होतो, आणि माझ्या मते इथेच पैसे सर्वात जास्त वाया जातात. गार इंजिनात खटखट आणि गरम झाल्यावर कमी, म्हणजे पिस्टन ब्लॉकमध्ये थोडा सैल झालाय. तेवढ्यावर ब्लॉक उतरवायची गरज नाही. निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही, ओढ शाबूत आहे? मग चालवत राहा. धूर आणि ऑइल खाणं दोन्ही असेल, तर मात्र हाफ करा. सातपूर-अंबडला लेथवाल्यांची वानवा नाही, त्यामुळे रिबोअर (ब्लॉकचं भोक मोठं करून घेणं) सोपं पडतं. आधी 0.25 किंवा 0.50 मिमी मोठा, ओव्हरसाइझ पिस्टन आणा आणि त्याच्या मापाने बोअर मारून घ्या. लेथवाला ओळखीचा नसेल, तर चांगल्या कंपनीचा तयार ब्लॉक-पिस्टन किट बरा. थोडा महाग, पण मापाची कटकट नाही.

ब्लॉक निघाला की स्वतः उभे राहा. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) हाताने धरून वर-खाली ओढायला सांगा. बाजूला थोडा हलला तर ते ठीक, तेवढी फट मुळातच असते. वर-खाली जरा जरी खेळला, तर क्रँक गेलाय. अशा क्रँकवर नवा पिस्टन बसवून देणारे आहेत. मग काही महिन्यांत तेच इंजिन पुन्हा खोलावं लागतं आणि मजुरी दोनदा जाते.

फुलचा आवाज खालून येतो, जड, ठक-ठक. इंजिन तापल्यावर आणि लोडवर तो वाढतो: कसारा घाट चढताना, किंवा मागे द्राक्षांचे क्रेट बांधून पिंपळगावकडे जाताना. फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये पातळ खणखण येत असेल, तर तो क्रँक नाही; गिअर कमी करून बघा, आणि हेडमधला कार्बन साफ करून घ्या. खरा ठक-ठक असेल, तर गाडी उभी करा आणि टेम्पोतून न्या. रॉड तुटला तर क्रँककेसही फुटू शकतो.

फुल करायचं की विकायची, हे आरसी बघून ठरवा. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं. ते नुकतंच झालं असेल आणि चेसिस सडलेली नसेल, तर फुल इंजिन परवडतं. मुदत चार-सहा महिन्यांत संपत असेल, तर आधी आरटीओच्या तपासणीत गाडीचं बाकी काय काय निघेल त्याचा अंदाज घ्या, मगच क्रँकला पैसे घाला.