बूट होताना ईएक्सटी४ची तपासणी: काही महिने वापरून

घरच्या बॅकअप मशीनवर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) आहे. जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) असताना एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारी आज्ञा) कशाला, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नव्हतं, म्हणून ट्यूनटूएफएस (ईएक्सटी४ची सेटिंग बदलणारी आज्ञा) वापरून ठरावीक तपासणी चालू केली. काही महिन्यांनंतर मत आणखी पक्कं झालंय: ती चालूच ठेवा.

जर्नलचं काम चोख आहे. पावसाळ्यात वीज वरचेवर जायची, पण पुढच्या बूटला जर्नलमधल्या नोंदी क्षणात लागू व्हायच्या आणि मशीन उभं राहायचं. मात्र खराब रॅमने एखादा बिट उलटवला किंवा डिस्कने भलतंच लिहिलं, तर जर्नलला त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी आयनोड (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणारी नोंद), डिरेक्टऱ्या, त्यांची जोडणी, लिंकची संख्या आणि मोकळ्या ब्लॉकचा हिशेब सगळं एकमेकांशी ताडून पाहावं लागतं. ईटूएफएससीके हे ईएक्सटी४चं एफएससीके, त्याच्या पाच फेऱ्या नेमकं हेच करतात. एरवी बूटच्या वेळी ते फक्त सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) बघून ‘क्लीन’ म्हणतं आणि पुढे जातं. त्याला तपासणी समजू नका.

जुन्या ईएक्सटी३वर ठरावीक वेळा माउंट (डिस्क वापरासाठी जोडणं) झाल्यावर किंवा १८० दिवसांनी हे आपोआप व्हायचं. आता नव्या फाइल सिस्टिमवर ते सहसा बंद असतं. मी माउंटची संख्या आणि मुदत दोन्ही लावली. महिनोन्‌महिने बंदच न होणाऱ्या मशीनवर नुसत्या संख्येचा उपयोग नाही, आणि मुदत उलटली तरी तपासणी व्हायला रीबूट लागतोच. प्रत्येक पार्टिशनला संख्या वेगळी द्या, नाहीतर एकाच सकाळी सगळ्यांची पाळी येते.

वेळेची भीती मात्र अनाठायी ठरली. एसएसडीवरचं रूट पार्टिशन काही सेकंदांत होतं, मोठ्या हार्ड डिस्कला काही मिनिटं लागतात. ईएक्सटी४ न वापरलेले आयनोड वगळतं, त्यामुळे ईएक्सटी३च्या काळातली ताटकळ राहिलेली नाही. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर ही ठरावीक तपासणी पुढेही ढकलली जाते, हे फार आवडलं.

एकदा एका डिरेक्टरीत गडबड सापडली. आपोआप दुरुस्त करणं धोक्याचं वाटलं की ईटूएफएससीके थांबतं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये (हाताने दुरुस्ती करायला थांबलेल्या अवस्थेत) जातं, तसंच झालं. म्हणून मॉनिटर-कीबोर्डाशिवाय मशीन चालवणाऱ्यांनी ते हाताशी ठेवावेत. नंतर रॅम तपासली तर एक पट्टी खराब निघाली. तपासणी बंद असती, तर बॅकअप किती काळ नासत राहिला असता?

दुसऱ्या डिस्कवर एक्सएफएस ही वेगळी फाइल सिस्टिम आहे. तिथे बूटच्या वेळचं एफएससीके काहीच करत नाही. ती डिस्क मी अधूनमधून अनमाउंट करून एक्सएफएस-रिपेअरने, काहीही न बदलता, नुसती तपासून घेतो.