शेततळं आधी की बांध आधी?

मावसभावाची जालन्याजवळ पाच एकर जमीन आहे. दोन एकर मोसंबी, बाकी सोयाबीन आणि कपाशी. विहीर मार्चअखेर तळ गाठते. यंदा हाताशी थोडे पैसे आले तसा त्याचा फोन आला, “दादा, शेततळं घेऊ की बांधाचं नि विहिरीचं काम काढू?” दोन्ही एकदम करण्याइतके पैसे नाहीत, कर्ज काढायचं नाही.

आमच्या वडिलांच्या वेळीही पाऊस फार नसायचा, पण पडायचा तो टिकून पडायचा. आता वर्षाची बेरीज जुळली तरी वेळ जुळत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलं होतं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली, आणि तीसुद्धा एकूण मोसमी पाऊस घटत असताना. अरबी समुद्र तापतोय, त्यावरून येणारे वारे लहरी झालेत आणि येताना बाष्पाचा मोठा लोंढा आणतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर जुलैत तीन आठवडे खंड आणि मग एका रात्रीत चार इंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात पुराने जमिनी खरडून नेल्या.

म्हणून मी त्याला आधी हिशेब करायला लावला. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. वर्षाला ६०० मिलिमीटर धरले तर पाच एकरांवर साधारण १ कोटी २० लाख लिटर पडतं. आणि ३० बाय ३० मीटरच्या, तीन मीटर खोल शेततळ्यात किती मावतं? बाजूंचा उतार धरून २२ लाख लिटरच्या आसपास. म्हणजे आपल्याच शेतावर पाच-साडेपाच शेततळी भरतील एवढं पाणी पडतं. त्यातलं किती बांधाबाहेर जातं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

शेततळ्याच्या बाजूने बोलायचं तर त्याचा मोठा गुण म्हणजे खात्री. पाणी डोळ्यांसमोर असतं, मोजता येतं आणि आपलं एकट्याचं असतं. १८ बाय १८ फुटांवर एकरी १३४ मोसंबीची झाडं बसतात. ऐन उन्हाळ्यात झाडाला दिवसाला शंभर लिटर धरले, तर दोन एकरांना रोज २७ हजार लिटर लागतील. भरलेलं तळं त्यावर दोन-अडीच महिने निघतं. विहीर मार्चला आटत असेल तर मृगापर्यंतचा काळ यात कसाबसा बसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली, त्यांना या अडीच महिन्यांची किंमत सांगायला नको.

पण उघडं पाणी ऊनही पितं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ते सहा हजार लिटरवर होतं, म्हणजे रोज एक छोटा टँकर हवेत. पातळी उतरेल तसा पसारा कमी होतो म्हणून थोडं कमी धरा. तरी दोन महिन्यांत तळ्याचा सहावा-सातवा हिस्सा जातो. तापमान चढत राहिलं तर हा हिस्सा वाढणारच. शिवाय बांधासकट बारा-पंधरा गुंठे जमीन अडकते. पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरलेल्या ५०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिक कागदाला उंदीर-खेकडे भोकं पाडतात, डुकरं काठ उकरतात. आणि ओला कागद इतका गुळगुळीत असतो की आत पडलेल्याला पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. तारेचं कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पहिल्या दिवशीच लावायचे, “पुढच्या वर्षी बघू” नाही.

खरी मेख तळं कशाने भरतं यात आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा कल्पना वाहून जाणारं पाणी अडवायची होती. शिवारात फिरलं तर दिसतं वेगळंच: डिसेंबरात बोअरची मोटर चालू आणि पाइप थेट तळ्यात. जमिनीच्या पोटात जिथे ऊन पोहोचत नव्हतं, तिथलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं आणि शेजाऱ्याची विहीर जानेवारीतच कोरडी पाडायची. याला मी जलसंधारण म्हणणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विहीर तुडुंब असताना तिच्यातून तळं भरलं, तर माझी हरकत नाही. ती जागा पुढच्या पावसाने पुन्हा भरते.

बांधबंदिस्ती आणि विहीर पुनर्भरण, म्हणजे वाहतं पाणी गाळून विहिरीजवळ मुरवणं, या कामाला रुबाब नाही. फोटो काढावा असं काही दिसत नाही. पण पाऊस जिथे पडतो तिथेच थांबतो आणि मातीही थांबते. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून सोयाबीन बीबीएफवर, रुंद वरंब्यावर घ्यायचं. खंडात ओल टिकते आणि अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जातं. बांधाला दगडी सांडवा, म्हणजे जादा पाण्याला बाहेर जायची वाट, हवाच. मोठ्या पावसात सांडवा नसलेला बांध फुटतो आणि जाताना खालच्या शेताची माती घेऊन जातो.

पुनर्भरणात आमची फजिती सांगतो. विहिरीशेजारी खड्डा घेतला, खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, सगळं पुस्तकातल्यासारखं. फक्त आधीचा गाळ बसायचा खड्डा वाचवला. पहिल्याच जोराच्या पावसात वाळूवर वीतभर चिखलाचा थर बसला आणि पाणी खड्ड्याला वळसा घालून नाल्यात गेलं. पुढच्या मेमध्ये सगळं उपसून पुन्हा भरलं.

या पर्यायाची मर्यादाही मोठी आहे. आपल्या खाली बेसॉल्ट आहे. पाणी मुरमात आणि भेगांत राहतं, अखंड कातळात नाही. तुमच्या शेतात मुरलेलं पाणी तुमच्याच विहिरीत येईल याची हमी कोणी देत नाही. हे काम गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत केलं तर फळतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत, म्हणून तिथे मुरवलेलं पाणी टिकतं. जालना जिल्ह्यातलंच कडवंची गाव घ्या. आज तिथली द्राक्षं आणि शेततळी बघायला गाड्या भरून लोक जातात, पण त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, तिथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून अख्ख्या पाणलोटाचं काम झालं होतं. तळी नंतर आली. ते पाहून परतणारे लोक कागदाचा भाव विचारतात, बांधांचं कोणी विचारत नाही.

नवा बोअर हा तिसरा पर्याय त्याने चाचरत काढला होता. शेजारच्या पाचांपैकी तीन कोरडे गेलेत, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

मी त्याला सांगितलं ते असं. फक्त सोयाबीन-कपाशी असती तर तळ्याचा विचारच करू नको म्हटलं असतं. तिथे बांध, बीबीएफ आणि पुनर्भरण पुरे. बाग आहे म्हणून तळं लागेल, पण या वर्षी नाही. आधी बांध नि सांडवे, विहिरीला गाळाच्या खड्ड्यासकट पुनर्भरण, मोसंबीच्या आळ्यात काडीकचऱ्याचं आच्छादन. तळं दुसऱ्या वर्षी, शेताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात. मुरून उरलेलं पाणी तिथेच येतं. अनुदान किती आणि अटी काय, हे राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर त्या वेळी बघायचं, आकडे बदलतात. बाग मोठी असती आणि विहीर जानेवारीतच आटत असती, तर मात्र मी क्रम उलटा सांगितला असता.

तो म्हणाला, खालचा कोपरा नेमका कुठला ते मलाच नक्की माहीत नाही. मग ठरलं: पहिला मोठा पाऊस सुरू झाला की छत्री-गमबूट घेऊन बांधाबांधाने फिरायचं, पाणी कुठून बाहेर पडतं तिथे खुंटी ठोकायची आणि मला व्हिडिओ पाठवायचा.