नवा कंपायलर तपासायचा: तयार टेस्टसूट की सीस्मिथ?

जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर सोर्समधून बिल्ड झाला की मी आधी मेक चेकच लावतो, म्हणजे त्याच्यासोबत येणारा तयार टेस्टसूट चालवतो, पण के फ्लॅग टाकूनच, नाहीतर मधेच एरर आली की पुढचं सगळं राहून जातं. मग निकालांची डॉट सम फाईल उघडायची. त्यात एक्सफेल दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ती टेस्ट फेल होणार हे आधीच माहीत असतं. डोळ्यात तेल घालून बघायचं ते साधं फेल, आणि तेही जुन्या बिल्डच्या निकालाशी ताडून, कारण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही.

सीस्मिथचं गणित वेगळं. तो रँडम सी प्रोग्रॅम बनवतो, तोच आपण ओ-झिरो आणि ओ-टू ला (म्हणजे कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि चालू ठेवून) कंपाईल करून चालवायचा, शेवटी छापलेला चेकसम (निकालावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला नाही की समजा ऑप्टिमायझरने कुठेतरी घोळ घातलाय. २०११ च्या पेपरमध्ये सीस्मिथ बनवणाऱ्यांनी कंपायलरमधले ३२५ हून जास्त नवे बग कळवल्याचं लिहिलंय! फक्त सापडलेला प्रोग्रॅम लांबलचक असतो, सी-रिड्यूस या प्रोग्रॅम छोटा करणाऱ्या टूलने छाटल्याशिवाय रिपोर्ट करू नका प्लीज.

वेळ कमी असेल तर मेक चेक, ते सोडूच नका. कंपायलरच्या एखाद्या ऑप्टिमायझेशन पासला (टप्प्याला) हात लावला असेल तर मात्र सीस्मिथ रात्रभर चालू ठेवा.