गूगल स्कॉलर: मधुमेह संशोधकाचा आवाका मोजायला कितपत चालतं?

कळवा असो वा नेरूळ, मेडिकल कॉलेजात एमडीचा गाइड पारखायचा तर आधी गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं शोधनिबंध शोधायचं साधन, उघडलं जातं. फुकट आणि झटपट. पेपर शोधायला चार स्टार, माणसं तोलायला जेमतेम दोन.

खरी गोची नावात. 'एस. पाटील' या मधुमेहवाल्यांच्या प्रोफाइलमध्ये उसावर लिहिणारे पाटीलही घुसतात, कारण नवे लेख आपोआप जोडायचं सेटिंग चालूच राहिलेलं असतं. यादी सायटेशनऐवजी (म्हणजे इतर पेपरांत झालेल्या उल्लेखांऐवजी) वर्षानुसार लावा, उपरे पेपर पटकन दिसतात. मग ऑर्किड, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणाऱ्या १६ अंकी क्रमांकाच्या नोंदींशी ताडा.

उलटंही होतं. साखर काटेकोर ठेवली तर टाइप १ मध्ये डोळे-किडन्यांचं नुकसान कमी होतं हे दाखवणारा डीसीसीटी या मोठ्या मधुमेह चाचणीचा १९९३चा पेपर संशोधक गटाच्या नावावर आहे. त्यात राबलेल्याच्या खात्यात तो दिसेलच असं नाही.

एच-इंडेक्स ४० म्हणजे ४० पेपरना प्रत्येकी किमान ४० सायटेशन. पाच हजार सायटेशनचा एकटा पेपर त्यात फार तर एकाची भर घालतो. मात्र शेकडो लेखकांच्या जागतिक पाहण्यांत नाव असेल तर एकूण सायटेशन भसाभस फुगतात. म्हणून पहिला किंवा शेवटचा लेखक कोण, ते प्रत्येक पेपर उघडून बघा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

स्कोपस या दुसऱ्या सायटेशन डेटाबेसचा आकडा स्कॉलरपेक्षा सहसा कमी भरतो. थिसिसमधले उल्लेख तिथे धरत नाहीत. एकाचा आकडा इथून, दुसऱ्याचा तिथून, असली तुलना अजिबात नको.