पनामा कालवा: पूर्ण पार करावा की गाटूनहून परत फिरावं?

सुट्टी दहा-अकरा दिवसांचीच असेल आणि निघालो त्याच बंदरात परतायचं असेल, तर पनामा कालव्याच्या क्रूझची अर्धी फेरी, म्हणजे अटलांटिककडून गाटून सरोवरापर्यंत जाऊन तिथूनच परतणारी, सोयीची, यात वाद नाही. पूर्ण फेरी बहुधा दोन आठवडे तरी घेते आणि दुसऱ्या महासागरावर संपते. जाण्या-येण्याची विमानतिकिटं वेगवेगळ्या शहरांची काढावी लागतात, खर्च तिथेच वाढतो.

तरीही माझी निवड पूर्ण फेरीची, आणि ती एका पेचामुळे. अर्ध्या फेरीत जहाज सकाळी गाटूनची तीन कुंडं (लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारे दरवाजेबंद हौद) चढून 26 मीटर उंचीवरच्या सरोवरात नांगर टाकतं. तिथून लहान होडीने सहलीला उतरलात, तर जहाज बहुधा तुमच्याशिवायच लॉक उतरून जातं आणि तुम्ही बसने अटलांटिककडच्या कोलोन शहराच्या बाजूला त्याला गाठता. म्हणजे उतरणं बघायचं राहिलंच. सहल सोडून जहाजावर थांबलात, तर काही तास नांगरावर बसून तीच उंची उलटी उतरायची. खास कालव्यासाठी आलेल्याला दोन्ही खटकतं.

शिवाय सरोवर म्हणजे चाग्रेस नदी अडवून साठवलेलं पाणी. डोंगर फोडला तो पुढे, कुलेब्रा खिंडीत, आणि अर्धी फेरी तिथवर पोचतच नाही. खिंडीनंतर पेद्रो मिगेलची एक पायरी, मग मिराफ्लोरेसच्या दोन. मिराफ्लोरेसचे समुद्राकडचे दरवाजे मुद्दाम जास्त उंच केलेत, कारण पॅसिफिकची भरती-ओहोटी कित्येक मीटरची असते. अटलांटिकच्या टोकाला ती जेमतेम जाणवते.

फेरी कुठलीही घ्या, जहाजाची रुंदी आधी बघा. जुनी कुंडं 33.5 मीटर रुंद. 32 मीटरच्या जहाजाला दोन्हीकडे मिळून दीड मीटर मोकळं राहतं आणि रुळांवरची विजेची इंजिनं, म्हणजे 'म्यूल', तारांनी त्याला मधोमध धरून ठेवतात. त्याहून रुंद जहाज 2016 साली सुरू झालेल्या 55 मीटर रुंद कुंडांतून जातं. तिथे म्यूल नाहीत, टगबोटी असतात. शक्य असेल तर जुन्या लॉकचं जहाज घ्यावं, असं मला वाटतं. मात्र त्यात खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीसमोर बराच वेळ नुसतं काँक्रीट येतं. पुढचा डेक उघडतात का ते आदल्या दिवशी विचारा आणि उजाडायच्या आत जागा धरा. खोली घेताना लक्षात असू द्या: पॅसिफिककडे जाताना दुपारचं ऊन उजव्या अंगाला येतं.